खडूची टेकडी आणि तहानलेला ससा

एकदा काय झालं, एका गावाचं पाणी पळालं, आणि चूक होती ऑब्री आजोबांची. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मोठी माणसं शेवटी सगळं पोरांवर ढकलतात.

तर हे गाव होतं लांब, इंग्लंडात, एका टेकडीच्या पायथ्याशी. टेकडी कसली? खडूची! फळ्यावर लिहितो ना, तोच खडू, अख्खी टेकडीभर. वर गवताची पातळ गोधडी. पाऊस पडला की खडू तो पिऊन टाकायचा. पाणी आत आत झिरपायचं, खाली चिकणमाती लागली की अडायचं, आणि पायथ्याशी झरे होऊन बाहेर यायचं. असे तीन झरे होते. एक गिरणीपाशी, एक चर्चपाशी, एक टॅमसिन नावाच्या मुलीच्या परसात.

उतारावर एक भलामोठा ससा होता. जुन्या लोकांनी गवत सोलून खालच्या खडूत चितारलेला, पांढराशुभ्र. दर वसंतात सगळं गाव वर जायचं आणि सशावर उगवलेलं गवत उपटायचं. नाहीतर ससा गवताखाली बुजून गेला असता, बरं का.

मग त्या वर्षी ऑब्री आजोबांच्या मनात आलं, आपल्या मेंढ्यांना माथ्यावरच पाणी हवं. चर्चसमोरच्या बाकावर मधोमध बसून त्यांनी हुकूम सोडला. "सशाचं गवत राहू दे यंदा. माथ्यावर चिकणमाती पसरा, मेंढ्यांकडून तुडवून घ्या. तलाव करू!"

टॅमसिन म्हणाली, "आजोबा, माथा बंद केला तर टेकडी पिणार काय?"

"गप गं! तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी."

तिकडे पाऊस वर्षभर पडतो. त्यात पाहण्यासारखं काय असतं? पण बाकीचे म्हातारे माना डोलवत बसले. माना डोलवायला अक्कल लागत नाही.

मग तलाव झाला. अख्खा माथा झाकला गेला. मेंढ्या खूश, आजोबा त्याहून खूश. आणि मग गिरणीचा झरा आटला. मग चर्चचा आटला. मग टॅमसिनच्या परसातलाही आटला. म्हातारे म्हणाले, "पोरांनी खेळून खेळून झरे बुजवले असतील." बघा! सांगितलं होतं ना?

मग लोकांनी गाड्या भरायला घेतल्या. पाणी नाही तर राहायचं कसं? टॅमसिनच्या आईने कोंबड्यासुद्धा टोपलीत कोंबल्या. टॅमसिन तडक टेकडी चढली, निदान सशाचा निरोप घ्यावा म्हणून. बघते तर काय, ससा गवताने झाकलेला. नुसते कान आणि तोंड उरलेलं.

"आम्ही चाललो," ती म्हणाली.

"आणि मी कुठे जाऊ?" ससा म्हणाला. "तहानेने जीव चाललाय. डोक्यावर झाकण घातलंय तुमच्या म्हाताऱ्यांनी."

"मग मार ना लाथ!"

"मारली असती. पाय कुठे दिसतायत का माझे?"

मग टॅमसिनने हाका मारून पोरांना बोलावलं. खुरप्यांनी, नखांनी, जमेल तसे त्यांनी सशाचे पाय मोकळे केले. ऑब्री आजोबा काठी आपटत वर आले. "उतरा खाली! माझा तलाव!" कुणी उतरलं नाही.

मग ससा उठला. पांढरी भुकटी उडाली. त्याने पहिली लाथ मारली, मेंढ्या पळाल्या. दुसरी मारली, चिकणमातीला तडा गेला. तिसरी मारली, आणि टेकडी अशी घटाघटा प्यायली की खाली गाड्यांचे घोडे बिचकले. तलाव गेला आत. ससा मिशा पुसून आपल्या जागी आडवा झाला.

पोरं धावत उतरली. परसातला झरा कोरडाच! टॅमसिन काठावर पालथी पडून आत डोकावली. मग तळाशी जरा ओल दिसली. मग एक बुडबुडा. मग पाणी, गार, नितळ. तिची आई ओंजळीने प्यायली, मटकन तिथेच बसली आणि म्हणाली, "सोड गं त्या कोंबड्या."

मग गाड्या रिकाम्या झाल्या, घरोघरी चुली पेटल्या, आणि सगळे मजेत राहू लागले. ससा अजून तिथेच झोपलाय. तुम्हीही पाणी प्या आणि झोपा.

ऑब्री आजोबांचा तलाव गेला, आणि बाकावरची मधली जागाही गेली.