पांढऱ्या घुबडाचे कान

कुणाच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात जमीन आणि आभाळ एकच होऊन जातं, तिथे मेंढपाळांचं एक गाव होतं. माणसं जिवाला जीव देणारी, पण भारी बोलघेवडी. दोघं बोलायला बसले की चौघांचा आवाज यायचा, बरं का!

एका संध्याकाळी एक मेंढपाळ चुकलेली मेंढी शोधायला माळावर गेला आणि वादळ सुटलं. सकाळी पाहतात तो सगळा माळ सपाट पांढरा. अडीअडचणीला बांधून ठेवलेली तिथली खोपही बर्फाखाली गडप झाली होती. तो असेल तर त्या खोपीतच, पण ती नेमकी कुठे, हे कुणालाच सांगता येईना.

त्याच्या बायकोचा जीव टांगणीला लागला. सगळा गाव माळावर धावला. कुणी हाका मारी, कुणी थाळ्या बडवी. दुपार कलली, घसे बसले. अंधार पडला की बर्फाखालचा माणूस वाचत नाही, हे तिला ठाऊक होतं.

इतक्यात माळाच्या पलीकडच्या टोकाला एक पांढरंशुभ्र घुबड येऊन बसलं.

“हे कुठून कडमडलं आज!” कुणीतरी पुटपुटलं.

त्या अपशकुनाला हाकलायला मेंढपाळाची बायको एकटीच तिकडे निघाली. जवळ गेली आणि उगारलेला हात तसाच राहिला. काय ते रूप! पायांच्या बोटांपर्यंत पिसांचे मोजे, डोळे पिवळेधमक. वारा झोंबत होता, पण ते जागचं हललं नाही. फक्त मान गर्रकन मागे वळवून त्याने ताटलीसारखा चेहरा बर्फाकडे धरला. मग ते उडालं. एवढे थोरले पंख, पण तिला त्यांची चाहूलसुद्धा लागली नाही. कोऱ्या बर्फात त्याने दोन्ही पाय खुपसले आणि वर आलं ते उंदीर घेऊनच.

हातभर बर्फाखालची उंदराची खुडबुड त्याने ऐकली होती! तिने नकळत हात जोडले आणि ती धावत गावकऱ्यांकडे आली.

“थाळ्या थांबवा. कुणी बोलू नका.”

“अगं पोरी,” म्हातारे मुखिया म्हणाले, “मग आपण आलोय हे त्याला कळणार कसं?”

“त्याला कळून काय उपयोग, काका? तो कुठे आहे, ते आपल्याला कळायला हवं.”

गाव गप्प झाला. तिने कानावरची लोकर काढून बर्फाला कान लावला. आधी तिला स्वतःच्याच छातीची धडधड ऐकू आली. तिने श्वास रोखला. जागा बदलली, पुन्हा बदलली. आणि मग खालून, अगदी बारीक, लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला.

सगळे खणायला लागले. तो जिवंत होता, कुशीत मेंढी होती. बायकोने त्याला मिठी मारली आणि ती हमसून रडली.

त्याचा घसा पार बसला होता. “सकाळपासून ओरडतोय,” तो कसाबसा म्हणाला, “आणि तुम्ही माझ्या डोक्यावरच थाळ्या बडवत होता.”

मुखियांनी हातातली थाळी मुकाट्याने खाली ठेवली.

तात्पर्य: ज्याला शोधायला निघालो त्याची हाक ऐकायची, तर आधी आपली थांबवावी लागते.