रखमाजीने आणलेलं आंधळ्याचं सोंग

देवळाणीच्या सर्जेराव जहागीरदारांनी रखमाजी बहुरूप्याला फर्मावलं, "दसऱ्याला आंधळ्याचं सोंग आण. साधलं नाही, तर या मुलखात पुन्हा सोंग काढायचं नाही."

रखमाजीचं पोट सोंगांवरच चालायचं. तो गावातल्या सगुणाबाईंकडे गेला. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं आणि दोर वळून त्या घर चालवत. त्या कशा चालतात, पाणी कसं ओततात, हे दोन महिने तो त्यांना विचारून विचारून शिकला.

दसऱ्याला तो काठी टेकत दरबारात आला, खांबाला वळसा घालून नेमका जहागीरदारांसमोर थांबला आणि त्याने मुजरा केला.

सर्जेरावांनी तोंड वाकडं केलं. "हा कसला आंधळा? एकदाही धडपडला नाही."

"कसं धडपडायचं ते सरकारांनीच दाखवावं," रखमाजी नम्रपणे म्हणाला.

सर्जेरावांनी ऐटीत डोळ्यांवर शेला बांधला. तिसऱ्याच पावलाला ते चौरंगावर आदळले. दरबारात खसखस पिकली.

"सोंग झकास वठलं, सरकार," रखमाजी म्हणाला, "पण ते आंधळ्याचं नव्हे, डोळे बांधलेल्या डोळसाचं. ज्याचा जन्म न बघता चालण्यात गेला, तो तिसऱ्या पावलाला कशाला पडेल?"

सर्जेराव गुडघा चोळत स्वतःच हसले. "तुला हे शिकवलं कुणी?"

रखमाजीने सोबत आलेल्या सगुणाबाईंना पुढे बोलावलं.

"मी कसली शिकवते, सरकार," त्या म्हणाल्या. "त्याने विचारलं, मी सांगितलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

त्या दसऱ्याला मानाचा पहिला विडा सगुणाबाईंना मिळाला आणि दुसरा रखमाजीला.