गाऱ्हाणी ऐकणारा अमात्य

पूर्वी कुसुमवती नगरीवर अरिंदम राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वाने एका अमात्याच्या घरी जन्म घेतला होता. तो मोठा झाल्यावर राजाने त्याला प्रजेची गाऱ्हाणी ऐकण्याच्या कामावर नेमले आणि वेशीजवळ गार सावलीचे एक दालन बांधून दिले. खर्च रंगाऱ्यांच्या संघाने उचलला. हा संघ समुद्रापार वस्त्रे पाठवी, आणि दरबारात त्याचा शब्द खाली पडत नसे.

दालनाचा एक नियम होता. माणसाने एकट्याने पुढच्या दाराने यायचे, गाऱ्हाणे सांगायचे आणि मागच्या दाराने जायचे. गर्दी नको, गोंगाट नको, एवढेच कारण. बोधिसत्त्वालाही त्यात वावगे दिसले नाही. तो प्रत्येकाला प्यायला पाणी देई, मन लावून ऐके आणि राजाच्या कानावर घालतो म्हणे. घालीतही असे. राजा मान डोलावी, आणि पुढे काही होत नसे.

शोणा नावाची गवळण एकदा चौदाव्या खेपेला आली. तिच्या गावच्या तळ्यात संघ रंगाचे पाणी सोडत होता. गुरे मेली होती आणि आता धाकटी लेक अंथरुणाला खिळली होती. बोधिसत्त्वाने पुढे केलेले पाणी तिने प्यायले नाही. लेकीसाठी गडूत ओतून घेतले.

मग ती म्हणाली, "अमात्य, तुम्ही चांगले आहात. दर खेपेला मी रागाने येते, तुमच्याशी बोलून निवळते आणि घरी जाते. घरी तळं तसंच असतं. तुम्ही वाईट असता तर बरं झालं असतं."

त्या दिवशी बोधिसत्त्वाला अन्न गोड लागले नाही. संध्याकाळी संघाचा प्रमुख पिंगल मोत्यांची माळ घेऊन आला. हे कशाबद्दल, असे विचारताच तो मोकळेपणाने हसला. "शंभर शिपायांना जमलं नसतं ते तुम्ही एकटे करता. लोक इथे मन मोकळं करतात आणि घरी जातात. आमचं काम सुखाने चालतं."

बोधिसत्त्वाला आता उमगले. उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा हबका मारावा, तेवढ्यासाठीच त्याला तिथे बसवले होते. तो उठला, बसला, पुन्हा उठला. राजाकडे जावे तर राजा मान डोलावणार. वनात निघून जावे तर आसनावर दुसरा कोणी बसणार. तपाला जाणे फार सोपे वाटले, आणि म्हणूनच त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी त्याने माळ परत पाठवली, मागच्या दाराला अडसर घातला आणि आलेल्या सगळ्यांना एकदम आत घेतले. माझी पाळी आधी, म्हणून ते आपसातच भांडू लागले. तेव्हा तो म्हणाला की आज मला काही सांगू नका, शेजारच्याला सांगा. कोळ्याच्या जाळ्यात मेलेले मासे येत होते. परटाने धुतलेले कपडे निळे निघत होते. दुपारपर्यंत चाळीस माणसांना कळून चुकले की वर्षानुवर्षे आपण एकच गाऱ्हाणे एकेकट्याने सांगत आलो.

शोणा पुढे आणि अमात्य सर्वांत मागे, असे ते राजवाड्यापुढे जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी गावेच्या गावे लोटली. राजाने बाहेर येऊन विचारले, तक्रार कोणाविरुद्ध आहे?

बोधिसत्त्व उठून उभा राहिला. "महाराज, पहिली माझ्याविरुद्ध. मी गोड बोलून यांना घरी पाठवत राहिलो, म्हणून ही माणसे तुमच्यापर्यंत पोचली नाहीत."

राजाला करुणा आली, असे सांगायला मला आवडले असते. खरे तर तो घाबरला. भीतीपोटी का होईना, त्याने संघाच्या रंगाच्या पाण्याचे पाट तळ्यापासून दूर वळवले. अमात्याचे पद गेले. तळे निवळायला चार वर्षे लागली. शोणाची लेक तितके जगली नाही.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज मागे बसून डुलक्या घेणारा सेनापती. पिंगल म्हणजे या विहाराला सावलीचा मंडप देणारा उपासक. शोणा म्हणजे भिक्षुणी धर्मरक्षिता. आणि तो अमात्य मीच होतो. स्वतःविरुद्ध बोलावे लागले तरी खरे बोलणे, ही सत्यपारमिता. ती मला त्या जन्मी साधली, पण एका मुलीसाठी फार उशीर झाल्यावर."