भिवरा साळणीचा मावळतीचा वसा

ऐका मावळत्या नारायणा, तुमची कहाणी. आटपाट नगर, नगरात साळ्यांची आळी. तिथं भिवरा साळीण राही. घरी माग होता, लेक-सून होती, कशाला उणं नव्हतं. पण केस पिकले, दात हलले, बरोबरीच्या बाया एकेक करून गेल्या. भिवरेच्या पोटात भय शिरलं. दिवस कलला की दार लावी, कोपऱ्यात बसे.

एकदा तिन्हीसांजेला एक म्हातारा आला, पाणी मागू लागला. तिनं पाणी दिलं, गूळ दिला. म्हातारा म्हणाला, “बाई, या वेळी दार का लावतेस?”

“बाबा, दिवस बुडताना बघवत नाही. माझाही असाच बुडेल.”

“मग वसा घे. उतू नको, मातू नको. रोज मावळतीला अर्घ्य द्यावं. दिवस दिलास, गोड मानला म्हणावं. मनात अढी असेल ती दिवे लागायच्या आत सोडवावी.”

“यानं मरण टळेल?”

“मरण टळत नाही, बाई. भय टळतं.”

भिवरेनं वसा घेतला. पहिल्या दिवशी नातीला उगाच रागावली होती, तिला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी पदरावरचे मोर विणायची खूण सुनेला सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या दिवशी ओंजळ भरली, पण पाणी काही खाली पडेना. भिवरा घाबरली. “देवा, काय राहिलं?” मग आठवलं. मागच्या आळीत थोरली जाऊ होती, तुळसा. मागाच्या वाटणीवरून बोलणं तुटलं होतं.

भिवरा तशीच निघाली. ओंजळ मोडली नाही, पदर सावरला नाही. तुळसा चुलीशी होती. म्हणाली, “आलीस? मला वाटलं, माझ्या तिरडीलाच येशील.”

“तिरडीला कशाला, बाई? तुमच्या हातची भाकर खायला आले. माझंच चुकलं.”

“माझं काय कमी चुकलं ग?” तुळसेनं तिच्या ओंजळीखाली हात धरला. पाणी झरझर वाहिलं. दोघी रडल्या, मग हसल्या, मग एका ताटात जेवल्या.

पुढं तुळसा गेली. भिवरा रडली, पण मनात सल राहिला नाही. विणीत राहिली, नातवंडं खेळवीत राहिली. एके दिवशी अर्घ्य दिलं, सुनेला हसून म्हणाली, “जरा टेकते ग.” टेकली ती टेकलीच. तोंडावर हसू तसंच होतं.

तिची संध्याकाळ जशी गोड झाली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांची होवो. साठां बोलांची कहाणी पांचा बोलांत सरली, देवापायी सुफळ झाली.