पागोट्याचा होकार

बोरखिंड नावाच्या गावात नागोजी राहायचा. त्याच्या मिशा त्याच्या चार पावलं पुढं चालायच्या. एकदा तळ्यावर म्हशी धुता धुता सगुणाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "नागोजीराव, राजाच्या सभेत एकदा तरी 'नको' म्हणून दाखवा. दाखवलंत तर रोज तांब्याभर दूध माझ्याकडून. नाही जमलं तर मिशा उतरवायच्या."

"त्यात काय," नागोजी बोलून गेला. बोलल्यावर शब्द मागं घ्यावेसे वाटले. पण लोकांनी ऐकलं होतं.

आता ही सभा म्हणजे काय, तर राजानंच चाळीस गावांतून चाळीस माणसं उचलली होती आणि 'हा तुमचा आवाज' असं गावांना कळवून टाकलं होतं. बोरखिंडीचा आवाज म्हणजे नागोजी. राजा हुकूम वाचायचा. मग म्हणायचा, "ज्याला नको, त्यानं उभं राहावं." अकरा वर्षांत कुणाचं बूड हललं नव्हतं. कारकून मागून पागोटी मोजायचा आणि तेवढे होकार लिहायचा.

त्या दिवशी हुकूम निघाला तो नेमका बोरखिंडीचा. गावाचं तळं आजपासून राजाच्या हत्तींचं.

उभं राहावं तर कोठडी, बसावं तर मिशा. तेवढ्यात राजा पान खायला थांबला. नागोजीनं पागोटं आपल्या जागी लोडावर ठेवलं, खांबाआडून सटकला आणि हलवायाकडं जिलेबी खात बसला. आपण आत नाहीच, म्हणजे होकार आपला नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

कारकुनानं पागोटी मोजली. चाळीस.

गावात येऊन नागोजी म्हणाला, "उभा राहिलो की. पण बाकीचे एकोणचाळीस भित्रे निघाले." आठ दिवस तो ऐटीत दूध प्यायला.

नवव्या दिवशी हत्ती आले, सोबत राजाचा शिपाई आणि दवंडीवाला. दवंडीवाल्यानं सांगितलं, "चाळीसही गावांचा होकार आहे. तुमचाही."

"खोटं लिहिलंय," सगुणाबाई म्हणाली. "आमचा माणूस उभा राहिला होता. राजाच्या तोंडावर सांगते मी."

"बाई, कारकुनाला खोटं म्हटलं की कोठडी आहे," शिपाई म्हणाला.

"असू दे."

तिनं म्हशी शेजारणीच्या हवाली केल्या, पदर खोचला आणि शिपायामागं निघाली. नागोजीच्या हातात तिच्याच दुधाचा तांब्या होता.

"सगुणाबाई, थांबा," तो म्हणाला. "कारकून खरा आहे. पागोटं माझंच होतं. मी बाहेर जिलेबी खात होतो."

नागोजीनं तांब्या तिच्यापुढं ठेवला आणि आपणहून न्हाव्यासमोर जाऊन बसला.

तात्पर्य: जिथं गप्प बसणं हाच होकार धरतात, तिथं लपून बसणाऱ्याचाही होकारच मोजला जातो, आणि त्याची शिक्षा भोगायला आधी निघतं ते त्याच्यावर विश्वास टाकणारं माणूस.