तुरतुरीचा दाणा आणि निळा चिकटोबा

मंगळवार होता. नेहमीसारखा मंगळवार.

भिंतीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. तुरु तुरु, तुरु तुरु. तेवढ्यात पुढून बातमी आली. मिशीला मिशी लागली.

"लाडू फुटला!"

"कुठे फुटला?"

"रेवूच्या हातून पडला! चला, चला!"

सगळ्या मुंग्या धावल्या. रांगेत शेवटी होती तुरतुरी. सगळ्यात छोटी. तिलाही एक दाणा मिळाला. बेसनाचा, पिवळा पिवळा. तिचा पहिलावहिला दाणा!

"हा मी आईला देणार," तुरतुरी म्हणाली. आणि निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

आई रोज सांगायची, "तुरतुरे, रांग सोडायची नाही हं."

पण वाटेत काय होतं?

रेवू आणि तिचे आजोबा स्लाइम करत होते. गोंद ओतला. बुदुक बुदुक. निळा रंग ओतला. बुदुक बुदुक. आणखी काय काय घातलं. घोट घोट घोटलं. आजोबांनी ते ताणलं. लांऽऽब, लांऽऽब, लांऽऽब...

पच्चक!

स्लाइम तुटलं. थोडं फरशीवर पडलं. थोडं आजोबांच्या मिशीला लागलं. एक गोळा वर उडाला. तो कुठे गेला? कुणी पाहिलंच नाही!

"बाप रे!" आजोबा म्हणाले.

"आई रागावेल!" रेवू म्हणाली.

आणि दोघंही पळाले.

फरशीवर राहिला एक मोठा, निळा, लिबलिबीत चिकटोबा.

तुरतुरीने रांगेतून मान बाहेर काढली. "अय्या! चमचम करतंय! जरा बघून येते."

तिने रांग सोडली. एक पाय ठेवला. चिक! दुसरा ठेवला. चिक! सहाही पाय चिकटले. तिने ओढ ओढ ओढले. एक सुटला, दोन सुटले, सहाही सुटले.

पण दाणा? दाणा आत गेला. गुडुप!

तुरतुरी म्हणाली,
"चिकटोबा, चिकटोबा, दाणा सोड ना!
दाण्याशिवाय मी घरी जाईना."

चिकटोबा डुलला. लिबलिब, लिबलिब.

"अंहं! लिंबाने रस दिल्याशिवाय मी दाणा सोडत नाही. जा!"

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. टोपलीत होता लिंबूदादा.

"लिंबूदादा, लिंबूदादा, रस दे ना!
चिकटोबा दाणा सोडेना,
दाण्याशिवाय मी घरी जाईना."

लिंबूदादा लोळला. गडगड, गडगड.

"अंहं! सुरीने चिरल्याशिवाय मी रस देत नाही. जा!"

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. ओट्यावर होती सुरीताई.

"सुरीताई, सुरीताई, लिंबू चीर ना!
लिंबू रस देईना,
चिकटोबा दाणा सोडेना,
दाण्याशिवाय मी घरी जाईना."

सुरीताई चमकली. लखलख, लखलख.

"अंहं! आजोबांनी उचलल्याशिवाय मी चिरत नाही. जा!"

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. खुर्चीत होते आजोबा. तोंडासमोर पेपर. पेपर उलटा!

"आजोबा, आजोबा, सुरी उचला ना!
सुरी लिंबू चिरेना,
लिंबू रस देईना,
चिकटोबा दाणा सोडेना,
दाण्याशिवाय मी घरी जाईना."

पेपर हलला. फडफड, फडफड.

"अंहं! मी वाचतोय. मी काहीच केलं नाही. रेवू आल्याशिवाय मी उठत नाही. जा!"

तुरतुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. पलंगाखाली होती रेवू. हात निळे, नाक निळं.

"रेवू, रेवू, बाहेर ये ना!
आजोबा सुरी उचलेनात,
सुरी लिंबू चिरेना,
लिंबू रस देईना,
चिकटोबा दाणा सोडेना,
दाण्याशिवाय मी घरी जाईना."

रेवूने नाक ओढलं. सुर्र, सुर्र.

"अंहं! गोंदाची अख्खी बाटली आजोबांनीच ओतली. आणि म्हणतात, काहीच केलं नाही! मग चुकलं कुणाचं? माझं एकटीचंच? आणखी कुणी 'माझंही चुकलं' म्हटल्याशिवाय मी बाहेर येत नाही. जा!"

आता तुरतुरी कुठे जाणार? पुढे कुणीच नव्हतं.

ती थांबली. तिने मिशा खाली केल्या. मग हळूच म्हणाली,

"रेवू... माझंही चुकलं."

"तुझं?"

"आई म्हणाली होती, रांग सोडू नको. मी सोडली."

"म्हणजे तूपण?"

"मीपण."

रेवू हसली. खुदुखुदु. तुरतुरी हसली. खुदुखुदु. आणि रेवू सरपटत बाहेर आली.

रेवू आजोबांकडे गेली. "आजोबा, माझं चुकलं. मुंगीचं चुकलं. आता बोला, तुमचं?"

पेपर हळूहळू खाली आला. मागून निघाली एक निळी मिशी!

"माझंसुद्धा," मिशी म्हणाली.

मग काय!
रेवू आली, आजोबा उठले.
आजोबांनी सुरी उचलली. लखलख!
सुरीने लिंबू चिरलं. खच्च!
लिंबाने रस दिला. टप टप टप!

"ई ई ई! आंबट! आंबट!" चिकटोबा ओरडला. तो सैल झाला, पातळ झाला, आणि...

पुळुक! दाणा सुटला.

तुरतुरीने दाणा उचलला आणि पळाली. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु!

मागे रेवूने फडकं घेतलं. आजोबांनी बादली आणली. पूस पूस, पीळ पीळ. टेबलाखाली पुसलं. खुर्चीचे पाय पुसले. आजोबांची मिशी पुसली. "हळू गं, माझी आहे ती!" आजोबा म्हणाले.

तिकडे बिळात आई वाट बघत होती.

"एवढा उशीर? आणि हा दाणा आंबट कसा गं?"

"आई, मी रांग सोडली होती."

आईने दाणा चाखला. पुन्हा चाखला. "आंबटगोड आहे," ती म्हणाली. "सगळ्यांना थोडा थोडा दे. आणि उद्या माझ्या पुढे चाल."

संध्याकाळी रेवूची आई घरी आली.

"अगंबाई! फरशी कशी चकचकतेय! बाबा, आज काय केलंत दोघांनी?"

रेवूने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी रेवूकडे पाहिलं. मग दोघांनी सगळं सांगितलं. गोंद सांगितला, मिशी सांगितली, मुंगीसुद्धा सांगितली.

आई हसत हसत खुर्चीत बसली. तिने मान मागे टाकली. वर पाहिलं.

वर पंखा होता. पंख्यावर एक निळा गोळा होता.

तेवढा एक पुसायचा राहिला.