तंतूबाईचा फुकट वर्ग

फार मागची गोष्ट. एका गोठ्याच्या आढ्याला आठ पायांची एक कोळीण राहायची, तंतूबाई. तिने जाळं विणायचा फुकट वर्ग उघडला. कोळ्यांची तीस पोरं आली. तिने जीव ओतून चिकट धागा काढायला शिकवलं.

"पण बाई, आपल्याच जाळ्यात आपण अडकत कसे नाही?" एका पोराने विचारलं.

तंतूबाई गोड हसली. "चालायला कोरडे धागे लागतात. ते फीच्या वर्गात. रोजच्या दोन माश्या. उद्या नावं घेते."

सकाळी ती नावं घ्यायला निघाली आणि जागीच थिजली. पोरांनी हौसेने रात्रीच जाळी विणली होती. तीस जाळ्यांत एकही पोर नव्हतं. नुसते पाय चिकटले होते.

आढ्यावर पोट तट्ट फुगलेली पाल पहुडली होती. ती म्हणाली, "बाई, काय सुरेख शिकवता हो! पुढचा फुकट वर्ग कधी?"